हिन्याचा फाया

“हात आधी गरम कर,” ताई म्हणाली. “थंड हातानं कुणी तुझा कान धरला तर आवडेल का तुला?”

“माझा कान आजवर फक्त बर्गे मास्तरांनी धरलाय,” मी म्हणालो, “आणि त्यांनी हात गरम केल्याचं मला तरी आठवत नाही.”

ताई हसली नाही. शनिवारी सकाळी नऊ ते साडेनऊ ती हसायचीच नाही. मागच्या अंगणात उन्हात पाट मांडायचा, बंडोपंतांना दोन गुडघ्यांत धरायचं आणि त्यांचे कान साफ करायचे, हा तिचा दर शनिवारचा नेम. देवपूजेत एखादं फूल कमी पडलं तर चालत असे, पण या कामात तिला इकडचं तिकडे खपत नसे.

बंडोपंत म्हणजे ताईचा कुत्रा. कॉकर जातीचा, तांबूस रंगाचा, आणि कान एवढे लांब की पाणी प्यायला वाकला की आधी कान भिजायचे, मग जीभ. दाजी गेल्यावर ताईला सोबत हवी म्हणून भाच्यानं, मकरंदनं, पुण्याहून त्याला आणून दिला होता. बंडोपंत हे नाव मात्र माझं. एवढे ऐसपैस कान मिरवणाऱ्याला टॉमी म्हणायचं म्हणजे त्याचा अपमानच की!

तर ताई औषधाची बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची. मग मी कानाची पाळ वर उचलून धरली की आत औषध सोडायची आणि कानाच्या मुळाशी बोटांनी हळूहळू चोळायची. आतून पचक पचक असा आवाज येऊ लागला की म्हणायची, “हां, सुटला मळ.” मग ती मागं सरायची, बंडोपंत डोकं झाडायचे आणि सगळे शिंतोडे माझ्या धुतलेल्या लेंग्यावर. शेवटी दाजींच्या जुन्या मलमली सदऱ्यांचे उकळून वाळवलेले तुकडे घ्यायचे, एक तुकडा बोटाला गुंडाळायचा आणि बोट सहज जाईल तेवढंच पुसायचं. त्यापुढं काडी नाही, आकडा नाही, कापूस तर मुळीच नाही. “कापसाचे तंतू आत राहतात,” असं जनावरांच्या मुजावर डॉक्टरांनी तिला एकदा सांगितलं होतं. ते तिनं ब्रह्मवाक्य मानलं.

“अगं, आपल्या आईनं आपल्या कानांत लसणीचं तेल ओतलं,” मी म्हणायचो, “आपण बहिरे झालो का?”

“तू झालास,” ताई म्हणायची. “सांगितलेलं तुला कधी ऐकू येतं?”

ही कऱ्हाडातली गोष्ट, दोन हजार नऊ सालची. मी तेव्हा ताईकडं राहत होतो. एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे स्टँडवरच्या कोठडीत बसून गाड्या पुकारायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भाड्याची खोली सोडली आणि ताईकडं चार दिवसांसाठी म्हणून आलो, त्याला दोन वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण मला पाठ होती. पण ताईनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारायचा तो मकरंद, तेही फोनवर. “मग मामा, तुमचं पुढचं काय ठरलंय?” मी म्हणायचो, “बघतोय रे.” काय कपाळ बघत होतो!

मकरंदला आईला पुण्याला न्यायचं होतं. ताईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डावाही फार धड नव्हता. पण ती ऐकत नव्हती. “माझं घर, माझी तुळस, माझा बंडू. मी इथनं हलायची नाही,” एवढं म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. पुण्यात मकरंदचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता आणि सूनबाईला कुत्र्याच्या केसांनी शिंका यायच्या. म्हणजे ताई पुण्याला गेली की बंडू तिला दुरावला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी दिवाळीला मकरंदची मुलगी रेवा सुट्टीभर आजीकडं आली होती. सहा वर्षांची, आणि बडबडी अशी की मी एसटीवाला असून माझी बोलती बंद.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळी झाल्या, कारीट फोडून झालं, आणि मी माझी अत्तराची पेटी उघडली. माझा हा एक शौक. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. कोल्हापूरहून आणायचो. दर दिवाळीला घरातल्या प्रत्येकाच्या कानात मी स्वतः फाया ठेवायचो, तो माझा मान होता म्हणा ना. रेवा अजून मोरीत होती. ताईला फाया दिला, स्वतःच्या कानात ठेवला. समोर बंडोपंत बसले होते, कपाळावर ताईनं लावलेलं कुंकू, तोंडावर मानकऱ्याचे भाव. मला राहवलं नाही. म्हटलं, घरातला माणूस आहे, याला का नाही? कापसाचा इवलासा बोळा हिन्यात बुडवला आणि त्याच्या डाव्या कानात ठेवून दिला.

“दिगू, काढ तो,” ताट मांडता मांडता ताई म्हणाली. “त्यांच्या कानाला आपल्यासारखी खोबण नसते. आत जाईल.”

“काढतो गं.”

तेवढ्यात शेजाऱ्यांनी फटाक्यांची लड लावली. बंडू जो सुटला तो थेट दिवाणाखाली. तासाभरानं बाहेर आला तेव्हा मी कानाची पाळ उचलून वरवर पाहिलं. फाया नव्हता. म्हटलं, डोकं झाडताना पडला असेल. दिवाणाखाली वाकून बघावं, एवढे कष्ट मी घेतले नाहीत. फराळाला बसल्यावर ताईनं विचारलं, “काढलास ना रे?”

“काढला की,” मी म्हणालो. तोंडात चकली होती. एवढ्याशा खोट्याचं कुणाला काय वाटतं?

चार दिवसांनी बंडू डोकं झाडू लागला. मग मान डावीकडं कलती धरून चालू लागला, दिवाणाच्या कडेला कान घासू लागला. शनिवारी ताईनं नुसता हात लावला तर केकाटला. कानाला घाण वास येत होता.

“मला आतलं नीट दिसत नाही रे,” ताई काकुळतीला येऊन म्हणाली. “तू बघ जरा बॅटरी घेऊन.”

मी बघितलं. लाल सुजलेलं मांस दिसलं. फाया दिसला नाही. फायाची आठवण झाली का? झाली. खोटं कशाला बोलू? पण जे दिसत नाही ते नाहीच, अशी सोयीची समजूत करून घ्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“थंडीनं होतं असं,” मी म्हणालो. “मुजावर डॉक्टर गावाहून आले की दाखवू.”

डॉक्टर दिवाळीचे आठ दिवस बाहेरगावी होते. ते यायच्या आदल्या दिवशी व्हायचं ते झालं. रेवानं लाडात येऊन बंडूच्या गळ्यात मिठी मारली, तिचा हात त्या कानावर दाबला गेला, आणि ज्या कुत्र्यानं जन्मात कुणावर गुरगुरही केली नव्हती त्यानं पोरीच्या मनगटावर दात लावले. दोन खुणा उठल्या, थोडं रक्त आलं. बंडूच्या लशी वेळच्या वेळी झालेल्या होत्या, तरी रेवाला दवाखान्यात नेऊन इंजेक्शन दिलं. पोरगी लगेच सावरली. ताई नाही सावरली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मकरंद गाडी घेऊन दारात हजर.

आरडाओरडा करायचा त्याचा स्वभाव नव्हता. चहा घेतला, रेवाचं मनगट पाहिलं, मग म्हणाला, “आई, चल, आधी डॉक्टरांकडं जाऊ.” रेवाला शेजारी ठेवलं आणि आम्ही निघालो. ताई पुढं, मी मागं, बंडू माझ्या मांडीवर. गाडी चालवताना त्यानं सांगून टाकलं.

“आई, हे तुला दिसत नसल्यामुळं झालं असेल, तर आता माझं ऐकायचं. डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात, राहायचंही पुण्यात. बंडूला आपल्या उंब्रजच्या मळ्यावर ठेवू, सदू गडी आहे तिथं. आणि मामा इथलं घर सांभाळतील. काय मामा?”

आणि मागच्या सीटवर मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. आख्खं घर! पुढची पडवी, मागचं अंगण, आणि ‘तुमचं काय ठरलं’ विचारणारं कुणी नाही. माझ्या मांडीवर तो मुका जीव कण्हत होता आणि मी मनातल्या मनात माझी खाट कुठल्या खोलीत टाकायची ते ठरवत होतो. आज लाज वाटते. तेव्हाही वाटली असेल, पण आनंद तिच्याआधी पोचला होता.

मुजावर डॉक्टरांनी बंडूला थोडी भूल दिली, कानात बघायची दुर्बीण लावली आणि बराच वेळ बघत राहिले.

“आत काहीतरी आहे,” ते म्हणाले. “कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. बरोबर त्या वळणावर अडकलंय. वरून कुणाच्या बापाला दिसायचं नाही.”

लांब चिमट्यानं त्यांनी ते बाहेर काढलं आणि स्टीलच्या ताटलीत ठेवलं. काळा पडलेला, पुवानं भरलेला कापसाचा बोळा. हिन्याचा वास कधीच गेला होता.

“कानाचा पडदा शाबूत आहे, नशीब समजा,” डॉक्टर म्हणाले. “पंधरा दिवस थेंब घाला, होईल बरा. बिचारा दुखण्यानं चावला असणार, स्वभावानं नाही. पण ताई, तुम्ही तर कपडा वापरायचात ना? कापूस कसा गेला?”

मी ताईकडं पाहिलं. ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. त्या ताटलीत काय आहे ते तिला दिसो न दिसो, कळलं होतं. तिच्या हातनं कानात कापूस जाणं शक्य नव्हतं. तो कुणी घातला आणि ‘काढला की’ असं कोण म्हणालं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“मीच घेतला होता कापूस,” ताई म्हणाली. “एका शनिवारी. तुकडे धुवायचे राहिले होते. राहून गेला असेल आत, मला कुठं दिसतंय!”

मकरंदनं सुस्कारा सोडला. “बघ आई. मी हेच सांगत होतो.”

“हो रे. तुझंच खरं.”

मी तिथंच उभा होतो, ताईपासून दोन हातांवर. तीस वर्षं ज्या तोंडानं सातारा, सांगली, चिपळूणच्या गाड्या पुकारल्या, त्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली ती मी घेतली, बंडूला उचललं आणि गाडीत जाऊन बसलो.

घरी आल्यावर ताईनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं. मग एका पिशवीत बंडूचं वाडगं, पट्टा, औषधाची बाटली भरली. मलमलीचे तुकडे उकळून अंगणातल्या दोरीवर वाळत घातले. सदू दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होता. मी पडवीत पेपर तोंडापुढं धरून बसलो होतो. एका ओळीचाही अर्थ लागत नव्हता.

“दिगू, इकडं ये,” अंगणातून हाक आली.

मी गेलो. मनात म्हटलं, आता बोलेल. आता चांगली खरडपट्टी काढेल आणि सुटेन एकदाचा. ती पाटावर बसली होती, बंडू भुलीच्या गुंगीत तिच्या मांडीवर पडला होता.

“बैस समोर. सदूला काही हे जमायचं नाही, त्याला म्हशींतून सवड नाही. तू दर शनिवारी उंब्रजला जात जा. सगळे कंडक्टर तुझ्या ओळखीचे, जागा मिळेल. उजवा कान चांगला आहे, त्याच्यावर शिकून घे.”

तिनं माझा हात धरून बंडूच्या कानाच्या मुळाशी ठेवला. वरून स्वतःची बोटं ठेवली.

“इथं चोळ. जोरात नको. त्याला बरं वाटलं की मान तुझ्याकडं झुकवेल, तोवर घाई करायची नाही. आणि पावसाळ्यात कान भिजले तर शनिवारची वाट बघायची नाही, सदूला फोन करून कोरडे करायला सांगायचे. लक्षात राहील ना?”

बोलताना तिचा आवाज साधा होता. डोळे मात्र भरले होते, आणि ते ती पुसत नव्हती, कारण माझ्या बोटांवर तिचा हात होता. बंडूनं अर्धवट डोळे उघडले, माझा हात ओळखला आणि डोकं काढून तिच्या पदराखाली घातलं. एवढ्यानं माझा धीर सुटला. मी उठलो.

मकरंद माजघरात फोनवर सदूशीच बोलत होता.

“मकरंद, फोन ठेव.”

“दोन मिनिटं, मामा—”

“ठेव म्हणतो ना!”

स्टँडवरचा आवाज होता तो. त्यानं फोन ठेवला.

“तो कापूस माझा आहे. नरकचतुर्दशीला मी त्याच्या कानात अत्तराचा फाया घातला. ताईनं काढायला सांगितलं होतं. मी काढला नाही, आणि काढला म्हणून तिला खोटं सांगितलं. तुझी आई कानाला कापूस लावतच नाही. तिचे तुकडे दोरीवर वाळताहेत, जाऊन बघ.”

“मग दवाखान्यात का नाही बोललात?”

“घर मिळत होतं म्हणून.”

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो खुर्चीवर बसला. म्हणाला, “मामा, मी माझ्या आईला आंधळी ठरवून तिचं घर बंद करत होतो. आणि तुम्ही बाजूला उभे राहून बघत होतात.”

“होय.”

“तुम्ही इथं राहू नका, मामा.”

“आजच निघतो,” मी म्हणालो.

सामान भरायला काय वेळ लागणार? एक ट्रंक, एक वळकटी. अत्तराची पेटी मी उघडली नाही, तशीच ट्रंकेत टाकली. मकरंदनं सदूला फोन करून यायला नको म्हणून सांगितलं. आईपुढं जाऊन उभा राहिला. ताईच म्हणाली, “डोळ्याचं ऑपरेशन करून घेते मी. पण इथं, कऱ्हाडात. महिनाभर सूनबाईला पाठव.” मकरंद लगेच हो म्हणाला.

मी ट्रंक घेऊन दाराशी आलो. ताईनं मला थांबवलं नाही. नुसतं म्हणाली, “शनिवारी ये. नवाच्या आत.”

साताऱ्याला एका जुन्या सहकाऱ्याच्या माडीवर खोली मिळाली. पहिल्या शनिवारी नवाच्या आत ताईच्या अंगणात हजर झालो. बंडू मला बघून तुळशीमागं जाऊन बसला. पुढचे किती शनिवार मी नुसता पाटाशेजारी बसून राहिलो, तुकडे हातात देत, बाटली धरत. ताईचं ऑपरेशन झालं, तिला स्वच्छ दिसू लागलं. आता माझी गरज नव्हती, पण येऊ नको असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. मकरंद आला की माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. बरोबरच होतं त्याचं.

चैत्र लागला. एका शनिवारी बंडू आपणहून माझ्यापुढं येऊन बसला. ताईनं बाटली मुकाट्यानं माझ्या हातात दिली. मी डाव्या कानात औषध सोडलं, मुळाशी चोळू लागलो. आधी तो ताठ बसला होता. मग हळूहळू त्याची मान माझ्या तळव्यावर आली आणि आतून पचक पचक आवाज येऊ लागला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, मला आवरेचना. ताई तुकडा बोटाला गुंडाळत होती.

“ताई, एक विचारू?” मी म्हणालो. “दवाखान्यात तू का खोटं बोललीस? तुझं घर जात होतं, बंडू जात होता.”

“पोराच्या देखत, डॉक्टरांच्या देखत मी तुझं नाव घ्यायचं?” ती म्हणाली. “ते तुझं तुला घेता येत होतं.”

“आणि मी घेतलंच नसतं तर?”

“तर गेले असते पुण्याला.” तिनं पुसून झालेला तुकडा घडी करून बाजूला ठेवला. “त्या दिवशी मला घराचं काही वाटलं नाही बघ. बंडूचं वाटलं, पण तो कुठंतरी जगला असता. दवाखान्यातून निघाल्यापासून मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, दिगू. तू बोलायचाच नाहीस, याची.”

असं म्हणून तिनं बंडोपंतांचा दुसरा कान माझ्याकडं वळवला.